थर्मोस्टॅट काढू नका, आकडाही बदलू नका. आधी रेडिएटर पाहा



नवतपा सुरू आहे, पारा पंचेचाळीसच्या घरात, आणि गावातले ट्रॅक्टर नांगरटीवर. या आठवड्यात दोन जणांनी गाडी गरम होते म्हणून विचारलं. एक म्हणाला, "भाऊ, मिस्त्री म्हणते थर्मोस्टॅट काढून फेकू. काढू का?" दुसऱ्यानं विचारलं, "८२ चा काढून ७१ चा टाकला तर जमते का?" दोघांनाही माझं उत्तर एकच, नाही. काहून नाही, ते सांगतो.

मी मेकॅनिक नाही, दहावी पास शेतकरी आहे. पण ही चूक मी स्वतः केली आणि तिचे पैसेही भरले.

माझा ट्रॅक्टर २००३ चा. काही वर्षांआधी ऐन चिखलणीत रेडिएटर उकळला. पऱ्हे तयार, रोवणीच्या बाया ठरलेल्या, बांदीत पाणी भरलेलं. मिस्त्री आला, दहा मिनिटांत थर्मोस्टॅट काढून माझ्या हातात दिला. "आता गाडी थंड राहते." खरंच त्या दिवशी काम निघालं. मी खूश. थर्मोस्टॅट टूलबॉक्समध्ये टाकला आणि विसरलो.

मग जानेवारी आला. उन्हाळी धानासाठी इटियाडोहचं पाणी सुटलं की आमच्याकडे पुन्हा चिखलणी. तेव्हा सकाळी पारा ८ ते १० अंशांवर असतो. गाडीचा काटा अर्धा दिवस खालीच पडून. पांढरा धूर, डिझेल जास्त. आणि ऑइलची पातळी कमी व्हायची ती उलट वाढत होती. मला वाटलं, वा, गाडी ऑइल खातच नाही! अहो, ते डिझेल होतं. न जळलेलं डिझेल लायनरवरून खाली ऑइलमध्ये उतरत होतं. त्याच मे महिन्यात गाडी पुन्हा उकळली, थर्मोस्टॅट नसतानाही. इंजिन खोललं तर लायनर-रिंगा गेलेल्या. सगळा दोष त्या एकाच गोष्टीचा म्हणणार नाही. गाडीचं वय होतं, एअर क्लीनरही मी वेळेवर साफ केला नव्हता. पण थंड इंजिननं भर घातली, हे नक्की.

आता मूळ मुद्दा. थर्मोस्टॅटवरचा आकडा म्हणजे इंजिनचं जास्तीत जास्त तापमान नाही. तो कमीत कमीचा आकडा आहे. ८२ चा म्हणजे आतलं मेण ८२ अंशांवर वितळून फुगायला लागते आणि झडप उघडायला सुरुवात होते. साधारण १० ते १५ अंश पुढे ती पूर्ण उघडते. त्याच्या वर थर्मोस्टॅटचं काम संपलं. पुढचं काम रेडिएटर, पंखा, पट्टा आणि पाण्याच्या पंपाचं.

नहराच्या गेटसारखं समजा. नहरात गाळ भरला असेल, तर गेट थोडं लवकर उघडून शेवटच्या बांदीला पाणी पोचते का? नाही. पाणी उकळायला येते तेव्हा ७१ चा असो की ८२ चा, दोन्ही गेट पूर्ण उघडेच असतात. मग ७१ चा टाकून काय मिळालं? उकळायला पाच-दहा मिनिटं उशीर, आणि हिवाळाभर थंड इंजिन.

थंड इंजिन वाईट काहून? डिझेल ठिणगीवर पेटत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर पेटते. सिलिंडरची भिंत थंड असली की ती उष्णता ओढून घेते आणि डिझेल अर्धवट जळते. जळण्यातून पाण्याची वाफही तयार होते. ती थंड भिंतीवर थेंब होऊन ऑइलमध्ये जाते आणि गाळ बनतो. पूर्वी डिझेलमधल्या गंधकानं त्या पाण्याचं तेजाब व्हायचं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाखाला १० भाग एवढंच आहे, म्हणून तो त्रास कमी झाला. ऑइल पातळ होण्याचा त्रास मात्र तसाच आहे.

आणखी एक. बऱ्याच इंजिनांत बायपासची वाट असते. थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की काही इंजिनांत तोच ती वाट बंद करतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला न जाता तिथल्या तिथं फिरते. म्हणजे काढल्यानं गाडी जास्तही गरम होऊ शकते.

मिस्त्रीची बाजूही ऐका. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल तर काढल्यावर गाडी लगेच थंड होते, हे खरं आहे. रोवणीच्या दिवशी दुकान दूर असेल तर काढा, दिवस निभवा. माझी त्याला ना नाही. पण आठ दिवसांत नवीन बसवा. काही शेकड्यांची वस्तू आहे, इंजिन बांधायला हजारो लागतात.

मग आकडा कोणता? कंपनीनं त्या इंजिनला दिला तोच. पुस्तक हरवलं असेल तर जुन्या थर्मोस्टॅटवर कोरलेला आकडा वाचा. १६०, १८० किंवा १९० असेल तर तो फॅरेनहाइटचा, म्हणजे आपले ७१, ८२ आणि ८८. आकडा पुसला असेल तर इंजिनचा मॉडेल नंबर घेऊन दुकानात जा. ऊन पाहून आकडा ठरवू नका. आपला ट्रॅक्टर जुलैतही चिखल करतो आणि जानेवारीतही. जुन्या जीप-पिकअपलाही हाच नियम. हवेवर थंड होणाऱ्या जुन्या इंजिनात रेडिएटरच नाही, त्यांना हे लागू नाही.

नवीन आणला तरी तपासून बसवा. गंजात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्यानं मधोमध लटकवा, बुडाला टेकू देऊ नका. सोबत १०० अंशांपर्यंतचा थर्मामीटर ठेवा. आकड्याच्या आसपास उघडायला लागला आणि थंड झाल्यावर पूर्ण मिटला, तर चांगला. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनकडे आणि हवा निघायचं बारीक भोक वर. (घरचा गंज वापरला तर बोलणी खायची तयारी ठेवा.)

गाडी गरम होते तर या क्रमानं पाहा. रेडिएटरच्या जाळीत धानाचा भुसा आणि चिखल, तो पंख्याच्या बाजूनं पाणी मारून बाहेर काढा. मग पंख्याचा पट्टा, मग झाकण. ७ पौंडाचं झाकण धड असेल तर साधं पाणीही जवळपास ११० अंशांपर्यंत उकळत नाही, रबर गेलं की ते शंभरातच उकळते. मग आतला क्षार. बोअरचं जड पाणी ओतत राहिलो की नळ्या बुजतात, म्हणून कूलंट वापरा. गरम असताना झाकण उघडू नका, हात भाजतो. आणि काटा बंद असेल तर तो आधी दुरुस्त करा. माझा दोन वर्षं धड चालत नव्हता, काटा खाली पडला तर मला वाटायचं तोच बिघडला.

त्या मे महिन्यात माझ्या रेडिएटरच्या जाळीतून घमेलंभर भुसा निघाला होता. जाळी साफ केली, नळ्या रॉड घालून मोकळ्या केल्या, ८२ चा थर्मोस्टॅट बसवला. त्यानंतर गाडी उकळली नाही. हेच काम आधी केलं असतं तर इंजिन बांधायचे पैसे वाचले असते.

मृग लागायला थोडे दिवस आहेत. चिखलणीआधी एक सकाळ गाडीला द्या.