चुकलेला ठोका सगळ्यांचा

शाळेने ‘गटप्रकल्प’ दिला की घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या कपाळाला आठ्या पडतात. तक्रार ठरलेली : काम एकटा करतो, गुण पाचजण घेतात. ही तक्रार खोटी नाही. मजकूर एकाने उतरवायचा, तक्ता दुसऱ्याने (बहुधा त्याच्या आईने) रंगवायचा आणि उरलेल्या तिघांनी नावे घालायची, ही रीत घरोघरी ठाऊक आहे. मग आपण ठरवून टाकतो की, आजच्या मुलांना चौघांत मिळून काही करायलाच नको असते. आपला मोबाइल बरा आणि आपला कोपरा बरा.

हीच मुले पावसाळ्यात मुठेच्या काठी पाहावीत. गणेशोत्सवाच्या कितीतरी आधी ढोल-ताशा पथकांच्या तालमी सुरू होतात. तिथे गुण नसतात. हाताला फोड येतात आणि एकच चाल वीस वेळा घोटावी लागते. तरी मुले धावत जातात. शाळकरी मुलांच्या हाती ढोल-ताशा आणि बरची देऊन त्यांना विसर्जन मिरवणुकीत उतरवण्याची पुण्यातली परंपरा आप्पा पेंडसे यांच्या ज्ञान प्रबोधिनीशी जोडलेली आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा विचार केला, पण त्या मुलांना तालावर इतरांबरोबर नाचायलाही लावले. हे सुज्ञपणाचे होते.

वर्गात गट म्हटले की कंटाळणारे मूल इथे का रमते? उत्तर लेझमीत सापडते. लेझीम हा शब्द फारसी. सरावासाठी दोरीऐवजी साखळी लावलेले धनुष्य, ते लेझीम. शाळेच्या मैदानावर चाळीस मुले ती खेळत असताना एकाचा हात किंचित मागे पडला, तरी सगळ्यांना ऐकू येते. प्रकल्पात हुशार मुलगा दुसऱ्याच्या वाटचे काम उरकून टाकतो. लेझमीत शेजाऱ्याच्या हातातली लेझीम त्याला हलवता येत नाही. थांबून त्याला शिकवावेच लागते आणि शिकणाऱ्यालाही लपायला जागा नसते.

बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला हे ओळखीचे वाटते. संगणक येण्यापूर्वी दिवसअखेरचा हिशेब जुळेपर्यंत शाखेतले सहसा कुणी उठत नसे. फरक नऊ पैशांचा का असेना, ज्याचे खाते चोख असे तोही शेजाऱ्याच्या बेरजा तपासायला बसे. उपकार म्हणून नव्हे, तर त्याचीही बस चुकणार असे म्हणून.

यामागे शरीराचाही काही भाग आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांना छोट्या गटांत नाचवून पाहिले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, एकाच वेळी एकसारख्या हालचाली करणाऱ्या मुलांना आपल्या गटाविषयी अधिक जवळीक वाटली. त्यांची वेदना सोसण्याची क्षमताही वाढलेली दिसली. मुठेकाठच्या फोडांचे कोडे यातून थोडे सुटते.

मग नाचाच्या क्लासला घातले की काम झाले? तसे नाही. या शहराला नृत्यशिक्षणाची मोठी परंपरा आहे. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये ‘नृत्यभारती’ सुरू केली, तेव्हापासून पुण्यात कथक शिकणाऱ्या मुलींच्या पिढ्या घडल्या. कथकच्या वर्गात एकीने नाचायचे आणि बाकीच्यांनी हाताने ताल धरून बोल म्हणायचे, ही पढंत सहशिक्षणाचा सुंदर नमुना आहे. परंतु आता दहावीला शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांबद्दल वाढीव गुण मिळतात आणि काही पालक क्लासच्या दारात शिरतानाच विचारतात, ‘प्रवेशिका पूर्ण कधी होईल?’ कलेला गुण मिळू नयेत असे कोण म्हणेल? पण प्रमाणपत्र एकटीचे असते. ते मिळाले की घुंगरू माळ्यावर जातात आणि ताल धरणारी मैत्रीणही त्यांच्याबरोबर जाते.

शाळेच्या स्नेहसंमेलनाचेही तेच. बाहेरून नृत्यदिग्दर्शक येतो, ‘चांगली दिसणारी’ चार मुले पहिल्या रांगेत उभी करतो आणि मागच्या रांगेतले मूल वर्षानुवर्षे मागेच राहते. त्याच्या आईला मोबाइलमध्ये लेकराचा फक्त हात टिपता येतो. ते मूल त्या दिवशी गटाविषयी जे शिकते, ते पुढे शंभर प्रकल्पांनी पुसले जात नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात (२०२०) कलांच्या आधाराने शिकवण्यावर भर आहे. त्यासाठी फार खर्चाची गरज नाही. आठवड्यातून एक तास मैदान, जुन्या लेझमी आणि रांगा दर वेळी बदलण्याचा नियम, एवढ्याने सुरुवात होईल. निवड नको, बक्षीस नको. ज्याचा ताल कच्चा त्याच्या शेजारी ज्याचा पक्का त्याने उभे राहायचे.

घरी आपणही प्रश्न बदलायला हवा. ‘तुझा नंबर कितवा?’ असे विचारण्याऐवजी, ‘आज कुणाचा ठोका चुकत होता आणि तुम्ही मिळून काय केलेत?’ असे विचारून पाहावे. पुढे कचेरीत, घरात आणि सोसायटीच्या सभेतही या मुलांना हेच करायचे आहे.