बेटावरचा बंगला आणि आजीचा प्रश्न

आधीच सांगून टाकतो, मी पडलो कॉन्व्हेंटवाला. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांना धरा, मला नको.

सबमिशन संपत आलं की हॉस्टेलमध्ये एक साथ पसरते. मेसची तीच ती डाळ घशाखाली उतरेनाशी होते आणि जो तो मोबाईलवर परदेशातले फोटो बघत बसतो. परवा आमच्या रूमवर कॅरिबियन समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावरचा बंगला फिरत होता. घर आपलं, स्वयंपाकी आपला, पायऱ्या उतरलं की समुद्रसुद्धा आपलाच! एकाने एका रात्रीचं भाडं रुपयांत काढलं आणि ओरडला, "अबे, ही तर आपली वर्षाची फी!" मग आठ जणांत वाटून पाहिलं. तरी जमेना.

सुट्टीत हा फोटो मी आजीला दाखवला. तिने चष्मा पुसून नीट पाहिला आणि विचारलं, "बाबू, तिथं पहिले कोन रायत होतं? आन भाडं कोनाले भेटते?"

आता आली का पंचाईत! वेस्ट इंडीज म्हणजे आपल्याला लारा आणि गेल, त्यापुढे शून्य. म्हणून थोडं वाचलं. तिथे बार्बुडा नावाचं बेट आहे. 1834 साली गुलामगिरी संपल्यावर तिथल्या लोकांनी जमीन वाटून न घेता सगळ्यांची सामायिक ठेवली. 2007 च्या कायद्याने त्या रिवाजावर शिक्काही बसला. सप्टेंबर 2017 मध्ये इर्मा वादळ आलं, आणि बेटावरच्या झाडून सगळ्या माणसांना शेजारच्या अँटिग्वाला हलवलं. ती परतून छपरं सावरतात तोवर 2018 मध्ये तो कायदाच गेला. लोक पार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत भांडले. 2022 मध्ये उत्तर मिळालं की त्या जमिनीवर घटनेने जपावा असा मालकीहक्क त्यांचा नाही. आज तिथे श्रीमंतांसाठी बंगले उठताहेत.

आजीला हे सांगितलं तर तिला काहीच नवल वाटलं नाही. वाटणार कसं? तिचं गाव गोसीखुर्दच्या पाण्यात आहे.

आपल्यापैकी किती जणांनी गोसीखुर्द बघितलंय? इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलो तेव्हा 33 दरवाजे मोजले, वडापाव खाल्ला, परत. या धरणाची पायाभरणी 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झाली. तेव्हा अंदाज होता 372 कोटींचा, पुढे तो 18 हजार कोटींवर गेला. (आमच्या एस्टिमेटिंगच्या पेपरात एवढी चूक केली तर सर वर्गाबाहेर काढतील!) शेतांना पाणी मिळालं, हेही खरं. पण वैनगंगेकाठची गावं उठली आणि आजीच्या वाट्याला सरळ रेषेत आखलेला एक प्लॉट आला. त्यात घर मावतं. गोठा, परसातलं सांबाराचं वाफं, मोहाचं झाड मावत नाही.

आता त्याच पाण्यावर जलपर्यटन येतंय. 2024 मध्ये भूमिपूजन झालं. अंभोऱ्याला नवा पूल झालाय, त्यावर उंच गॅलरी आहे, रविवारी ही गर्दी! मुकुंदराजांनी विवेकसिंधु अंभोऱ्यालाच लिहिला असं आपल्याकडे मानतात, पण सेल्फी काढणाऱ्यांना त्याचं काय.

माझा पर्यटनाला विरोध नाही. रूममेट म्हणतो, "रिसॉर्ट आलं तर निदान भंडाऱ्यात नोकरी मिळेल, नाहीतर आहेच पुणे." बरोबर आहे त्याचं. पण नोकरी म्हणजे कसली? ज्याचं शेत पाण्याखाली गेलं त्याच्या मुलाने त्याच पाण्याकाठी पाहुण्यांच्या बॅगा उचलायच्या? बोटी धीवरांच्या सोसायट्यांना द्या. पुनर्वसनातल्या घरांवर एकेक खोली चढवायला कर्ज द्या, आणि पाहुणे तिथे उतरू देत, भाताची भाकर आणि झिंगे खाऊ देत. काठावर खाजगी बंगले झालेच, तर जमीन विकू नका, भाड्याने द्या आणि भाड्यातला हिस्सा उठलेल्या गावांच्या ग्रामपंचायतींना लावून द्या. प्लॅन आणि एस्टिमेट आम्ही फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये फुकट करून देतो. नाहीतरी दरवर्षी मागच्या बॅचचा प्रोजेक्ट कॉपी होतो!

आणि पाण्याचंही बघा. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून अंभोऱ्याला वैनगंगेत येतं. त्या पाण्यात पाहुण्यांना पोहायला सोडणार का? त्याची लाज आम्हा सिव्हिल-केमिकलवाल्यांना आधी वाटायला हवी.

दिवाळीत आजीला पुलावर घेऊन गेलो. लिफ्टमध्ये ती घाबरली, माझा हात सोडेना. वर गेल्यावर मी फोटोसाठी मोबाईल काढला. पण ती कॅमेऱ्याकडे बघेचना. पाण्याकडे बोट करून म्हणाली, "तिकडं पाय, त्या अंगाले आपली विहीर होती. गोडं पानी होतं तिचं."

मला नुसतं पाणीच दिसत होतं.