सर्वात आधी पोचतो तो कोण? आघातोपचाराचे प्रशिक्षण आणि जातीचा प्रश्न

फर्स्ट रिस्पॉन्डर म्हटले की डोळ्यांसमोर गणवेश येतो. पोलीस, अग्निशमनचा जवान, बोटीतून उतरणारे बचाव पथक. या माणसांच्या मनावर जे आघात होतात त्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि समुपदेशकांना वेगळे प्रशिक्षण हवे, ही मागणी रास्तच आहे. आमचे भांडण त्या यादीशी आहे.

माजलगावचेच पाहा. सप्टेंबर २०२२ मध्ये माजलगाव धरणात एकजण बुडाले आणि त्यांचा शोध घेणाऱ्या कोल्हापूरच्या पथकातला एक जवानही त्याच पाण्यात गेला. ३० ऑक्टोबर २०२३ ला आमदारांचे घर आणि नगरपरिषदेची इमारत पेटली. अशा वेळी पुढे जाणाऱ्या जवानाला, पोलिसाला मानसोपचार मिळालाच पाहिजे. पण महामार्गावरच्या अपघातातले प्रेत गोळा कोण करतो? विहिरीत आठ दिवस पडलेले शव वर कोण काढतो? शवविच्छेदनगृहात डॉक्टर अहवाल लिहितात, हत्यार मात्र बहुतेक ठिकाणी चतुर्थ श्रेणी सफाई कर्मचाऱ्याच्या हातात असते. गटारात गुदमरलेल्याला वाचवायला पहिली उडी त्याचाच जोडीदार घेतो, आणि कितीतरी वेळा तोही वर येत नाही. या माणसांची जात विचारायची गरज आहे का?

हे आजचे नाही. गावात कुणी मेले की परगावी सांगावा घेऊन धावायचे, बेवारस प्रेताची राखण करायची, सरणाची लाकडे वाहायची, मेलेली ढोरे ओढायची, ही कामे महाराच्या माथी वतन म्हणून मारलेली होती. गावगाड्याचा फर्स्ट रिस्पॉन्डर तोच होता, फक्त त्याला हे इंग्रजी नाव नव्हते. रात्रभर प्रेताजवळ बसलेल्या माणसाला दुसऱ्या रात्री झोप लागली का, हे कुणी विचारल्याची नोंद नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या सुधारणेचे विधेयक आणले ते उगाच नव्हे. वतन कायद्याने गेले. काम आता ठेकेदाराकडून येते.

गंमत अशी की शास्त्र या माणसाला विसरलेले नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली काढलेल्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत पीटीएसडीच्या निकषांत, मानवी अवशेष गोळा करण्याचे काम वारंवार करावे लागणाऱ्यांचे उदाहरण स्पष्ट दिलेले आहे. पुस्तक त्याला मोजते. आपली व्यवस्था मोजत नाही, कारण तिच्या लेखी त्याला ‘सवय’ असते. ‘त्यांना काही वाटत नाही’ हे वाक्य आम्ही शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे. यालाच आम्ही ब्राह्मणी मानसशास्त्र म्हणतो.

हा माणूस दवाखान्यात येतो तेव्हा ‘मला ट्रॉमा आहे’ असे म्हणत नाही. छातीत धडधडते, हाताचा वास जात नाही, घास उतरत नाही, लेकराला जवळ घेववत नाही, असे सांगतो. आणि तो पिलेला असतो. ते काम शुद्धीत राहून करवत नाही म्हणून पितो. प्रशिक्षण नसलेला डॉक्टर ‘दारुडा’ लिहून मोकळा होतो. झोप का उडाली, हे न विचारता दारू सोडवायला निघणे म्हणजे धूर हाकलून आग तशीच ठेवणे.

बरे, प्रशिक्षण म्हणजे काय? एका दिवसाचे तणावमुक्ती शिबिर, दोन आसने आणि ग्रुप फोटो, हे नव्हे. घटनेनंतर लगेच सगळ्यांना बसवून एकाच बैठकीत सारे बोलायला लावू नका, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितले आहे. आघातकेंद्रित सीबीटी, ईएमडीआर या पद्धती शिकायला देखरेखीखाली काम करावे लागते, वेळ जातो. त्यातही एक पेच आहे. हे उपचार रुग्णाला शिकवतात की तो प्रसंग आता संपला आहे, तू सुरक्षित आहेस. ज्याला उद्या सकाळी त्याच खोलीत, त्याच मजुरीवर, हातमोज्यांशिवाय उभे राहायचे आहे त्याला हे कुठल्या तोंडाने सांगणार? आणि प्रेत हाताळणाऱ्याला लोक हॉटेलात वेगळा कप देत असतील तर ती जखम प्रेताने केलेली नाही. म्हणून जात हा विषय अभ्यासक्रमात हवा. काम बदलून द्या, साधने द्या, अशी लेखी शिफारस करणे हा उपचाराचा भाग हवा. रुग्णाने सांगितलेले ठेकेदाराच्या कानावर जाणार नाही, याची हमी हवी.

आपल्याच चळवळीतले दोन आक्षेप ठाऊक आहेत. एक, विपश्यना आहे की. आम्ही बौद्ध आहोत, धम्मावर निष्ठा आहे, म्हणूनच सांगतो: ध्यान हे उपचाराच्या हक्काची पळवाट होऊ देऊ नका. दुसरा, आधी ठेकेदारी संपवा, मग मनाचे बघू. ठेकेदारी संपेपर्यंत त्या माणसाने जागेच राहायचे का?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चे कलम १८ जातीच्या आधारे भेदभाव न करता उपचाराचा हक्क देते. कलम ३१ नुसार सरकारी दवाखान्यांतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसोपचाराचे प्राथमिक प्रशिक्षण द्यायचे आहे आणि तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याचा प्रयत्न दहा वर्षांत करायचा आहे. कायदा २९ मे २०१८ ला लागू झाला. म्हणजे मुदत २०२८. राज्याची जुनी चार मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातले एकही आले नाही. गटारात मेलेल्याच्या वारसांना ३० लाख द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ ला सांगितले. त्याला बाहेर ओढून काढणारा जिवंत जोडीदार मात्र भरपाईच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मित्रहो, माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. नगरपरिषदेला विचारा: प्रेत उचलण्याच्या कामावर कोण आहेत, कायम किती, ठेक्यावर किती, त्यांची मानसिक तपासणी शेवटची कधी झाली? जिल्हा रुग्णालयाला विचारा: आघातोपचाराचे प्रशिक्षण किती जणांना, किती दिवसांचे दिले? उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. आलेली उत्तरे घेऊन पुढच्या बैठकीला या, आणि येताना शवविच्छेदनगृहातल्या त्या माणसालाही सोबत आणा. त्याची मजुरी बुडणार नाही अशी वेळ ठरवू.