सर्वांना शंभर, एकीला शून्य

१/
बुद्धिबळपटूचे एलो गुणांकन म्हणजे त्याच्या बुद्धीचे माप, असा समज सर्वत्र आढळतो. माझ्या मते तो चुकीचा आहे. गुणांकन हे केवळ भाकीत आहे. ते कोणाशी खेळून मिळाले, हे न पाहता आकडा वाचणाऱ्याची फसगत होते. हा धागा अशाच एका प्रकरणाविषयी.

२/
अर्पाद एलो (१९०३–१९९२) हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत मिलवॉकी येथे भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने १९६० मध्ये, तर जागतिक महासंघ ‘फिडे’ने १९७० मध्ये स्वीकारली.

३/
गणित साधे आहे. दोघांत २०० गुणांचे अंतर असेल, तर वरच्या खेळाडूकडून दर डावात सुमारे ०.७६ गुणाची अपेक्षा असते. गुणक २० धरला, तर जिंकल्यास त्याला जेमतेम ४.८ गुण मिळतात, हरल्यास १५.२ जातात.

४/
मेख पुढेच आहे. गुण खेळणाऱ्यांच्या आपसांतच फिरतात. दोन गट एकमेकांशी क्वचितच खेळत असतील, तर दोन्हींकडील २३०० ची किंमत सारखी असेलच असे नाही.

५/
१९८६ च्या अखेरीस फिडेने हाच युक्तिवाद केला. स्त्रिया बहुधा आपसांत खेळतात, म्हणून त्यांचे गुणांकन कमी भरते. सबब त्यांना सरसकट १०० गुण वाढवून द्यावेत. अपवाद एकच : हंगेरीच्या सतरा वर्षांच्या सुसान पोल्गार. कारण त्यांनी आपले गुण पुरुषांशी खेळून मिळवले होते! जानेवारी १९८७ च्या यादीत त्यांचे अग्रस्थान गेले. विश्वविजेत्या माया चिबुरदानिझे पहिल्या आल्या.

६/
युक्तिवादातील गणित खोटे नव्हते. म्हणूनच तो अधिक घातक होता. चिबुरदानिझे स्वतःही पुरुषांच्या स्पर्धांत खेळत होत्या, तरी त्यांना १०० गुण मिळाले. प्रत्येकीचा हिशेब स्वतंत्रपणे करण्याऐवजी सर्वांना एक नियम आणि एकीला दुसरा लावला, की शास्त्राच्या आडून घेतलेला तो निव्वळ प्रशासकीय निर्णय उरतो.

७/
साधन वाचण्याआधी ते कोणी व कशासाठी घडवले हे विचारावे, हा इतिहासाचा पहिला धडा. फिशर यांचे १९७२ मधील २७८५ आणि कार्लसन यांचे २०१४ मधील २८८२ शेजारी मांडून श्रेष्ठत्व ठरवणाऱ्यांनीही तो गिरवावा. हे दोघे एकाच गटात कधी खेळलेच नाहीत.

८/
पोल्गार यांनी १९९१ मध्ये, पुरुषांना लागू असलेल्याच निकषांवर, ग्रँडमास्टर किताब मिळवला. त्यासाठी कोणाच्याही शंभर गुणांची गरज पडली नाही.