लक्ष्मीचं माहेर शिवारात

लक्ष्मी कुठून आली असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं: समुद्रमंथनातून. क्षीरसागर घुसळला, चौदा रत्नं निघाली, त्यांतली ती एक. ही कथा महाभारत-पुराणांतली. तिच्याहून वेगळी, मातीच्या जवळची लक्ष्मी श्रीसूक्तात भेटते.

ऋग्वेदाला मागाहून जोडलेल्या खिलसूक्तांपैकी हे एक. त्यात सोनं, गायी, घोडे मागितले आहेतच. पण तिच्या मुलांची नावं पाहा: कर्दम आणि चिक्लीत. एक चिखल, दुसरा ओल. एका विशेषणात तर ती शेणाने समृद्ध आहे. आणि घालवून द्यायची अलक्ष्मी कोण? भुकेने-तहानेने मळलेली तिची थोरली बहीण. म्हणजे लक्ष्मी नसणं याचा पहिला अर्थ उपासमार.

शतपथ ब्राह्मणातली कथाही हेच सांगते. प्रजापतीच्या तपातून तेजस्वी श्री, म्हणजेच लक्ष्मी, प्रकटली. देवांनी तिचं सगळं वाटून घेतलं. त्यात अग्नीने सर्वांत आधी नेलं ते अन्न. राज्य, बळ, वैभव त्यानंतर.

वेरूळच्या कैलास लेण्यात शिरताना समोरच गजलक्ष्मी दिसते. कमळांनी गच्च भरलेल्या तळ्यात ती बसली आहे आणि हत्ती तिच्यावर घट रिते करताहेत. हे हत्ती म्हणजे पावसाळी मेघ. भारहुत-सांचीच्या शिल्पांतही अशीच गजलक्ष्मी आहे. हातातून नाणी ओतणारी लक्ष्मी कॅलेंडरांनी घरोघरी नेली. या शिल्पांत पाणी ओतलं जातं.

आपल्या रीतींनी ही ओळख जपली आहे. मराठवाडा-विदर्भात भाद्रपदात येणाऱ्या महालक्ष्म्यांपुढे धान्याच्या राशी मांडतात. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतात, नैवेद्याला साळीच्या लाह्या, बत्तासे, धने आणि गूळ. हिशेबाच्या चोपडीशेजारी लाह्या असतात, कारण धान्य आलं तरच चोपडीत जमा होतं.

म्हणून मला ठामपणे वाटतं, की लक्ष्मीला तिजोरीची देवता मानणं ही तिची अर्धीच ओळख. जिच्या मुलांची नावं चिखल आणि ओल आहेत, तिची पूजा करणाऱ्या समाजात चिखल तुडवणारा कर्जात बुडत असेल, तर ती पूजा अपुरी आहे. शेतमालाला रास्त भाव आणि जमिनीला सेंद्रिय खत या निव्वळ बाजाराच्या गोष्टी नव्हेत. यंदा पाटावर नोटा मांडाल, तेव्हा शेजारी नव्या धान्याची ओंजळ ठेवा आणि ते पिकवणाऱ्याला त्याचा पुरता दाम द्या.