आज रात्री काय करू?

तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावून झाला, की घरोघरची गृहिणी एकच प्रश्न विचारते, ‘आज रात्री काय करू?’ ‘काहीही कर,’ असे सांगून आपण मोकळे होतो. प्रश्न नित्याचा, म्हणून त्याचे मोल जाणवत नाही. परंतु यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावसारख्या कापसाच्या तालुक्यात हा प्रश्न स्वयंपाकघरात सुटतच नाही. तो जूनमध्ये, पेरणीच्या वेळीच सुटलेला असतो.

एकेकाळी या भागातील जेवण ठरलेले असे. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, नाहीतर तुरीची डाळ व ज्वारीच्या कण्या घालून शिजविलेली अंबाडीची भाजी. तेल-मीठ सोडले तर बहुतेक सारे घरच्या शेतातले. दाण्यावर माणूस जगे, कडब्यावर बैल आणि शेणखतावर जमीन. आज शिवारात कापूस आणि सोयाबीन आहे. पिके नगदी खरी, पण ती थेट ताटात येत नाहीत. धान्य पिकविणाराच किराणा दुकानाचा गिऱ्हाईक झाला. कापसाचा भाव पडला, की त्याची झळ चुलीपर्यंत पोहोचते.

शिधापत्रिकेवर जानेवारी २०२३ पासून धान्य मोफत मिळते. गरिबाला त्याचा मोठा आधार आहे, हे मान्यच केले पाहिजे. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्याचीही तरतूद आहे. तरी पिशवीत येतात ते प्रामुख्याने गहू-तांदूळच. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. जगाला आपण ज्वारी-बाजरीचे महत्त्व पटविले. आपल्या ताटाचे काय?

ज्वारी सोडणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे, पण अन्यायाचे आहे. एकट्याने ज्वारी पेरली, तर शिवारातील सारी पाखरे आणि रानडुकरे त्याच्याच शेतावर तुटून पडतात. रात्रंदिवस राखण कोण करणार? दहा जणांनी लागून लागून पेरली, तर नुकसानही विभागले जाते आणि राखणही. म्हणूनच हा विषय जितका बियाण्याचा, तितकाच संघटनेचा आहे. प्रत्येकाने अर्धा एकर घरापुरती ज्वारी पेरण्याचा निर्णय गावाने मिळून घेतला, तरच तो टिकेल.

शहरातील कुटुंबांचेही यात कर्तव्य आहे. कुटुंब प्रबोधनाच्या कार्यात आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र भोजन करावे, असा आग्रह असतो. त्या ताटात भाकरी असावी. मात्र भाकऱ्या थापण्याचा भार एकट्या गृहिणीवर टाकून संस्कृतिरक्षणाचे समाधान मिळवू नये. मुलांनी आणि पुरुषांनीही परातीशी बसावे. मागणी वाढली, तरच ज्वारी पेरणाऱ्याला भावाची आशा राहील.

अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या समाजाने ‘काहीही कर’ म्हणणे शोभत नाही. आज रात्री घरातून प्रश्न येईल, तेव्हा विचार करून उत्तर द्यावे. त्या उत्तराची वाट मारेगावचे शिवारही पाहत आहे.