जागा नाही, पण माणूस आहे

शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी एक रात्रनिवारा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राज्यांना बजावले. २०११च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षातली संख्या फारच तोकडी आहे.

म्हणून रात्री फुटपाथवर फिरणाऱ्या कार्यकर्त्याला तिथे झोपणाऱ्यांना अनेकदा ‘आज जागा नाही’ हेच सांगावे लागते. पण ते उभ्याउभ्या सांगणे वेगळे आणि शेजारी बसून, नाव विचारून, पिशवीतले भिजलेले आधार कार्ड पुसून देत सांगणे वेगळे. खोटी आशा दाखवू नये. ‘उद्या येतो’ म्हटले तर यावेच.

वाचकहो, निवाऱ्यांची मागणी लावून धरू या. तोवर दारासमोर झोपणाऱ्याला निदान नावाने हाक मारू या.